जाताना की येताना?

लंडन आणि न्यूयॉर्क ही दोन्ही गावं मी आजवर पाहिलेली नाहीत. पण त्या दोन गावांपायी मला शाळेत वर्गाबाहेर उभं राहावं लागलं, घरात माझी सायकल बंद झाली, आणि एका मोठ्या माणसानं भरल्या सभागृहात 'खाली बस' म्हटल्यावर मी बसले नाही. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मी अकरावीत होते, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात. माझ्या वडिलांची, आण्णांची, केडगावात पिठाची गिरणी होती. घरात सायकल एकच. मोठी, दांडीची, दळणाचे डबे पोचवायला घेतलेली. ती मी दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकले होते, आणि आता तीच घेऊन रोज नगरला शाळेत जात होते. स्कर्ट घातलेली मुलगी दांडीच्या सायकलवर पुणे रस्त्यानं चालली की हॉटेलातली माणसं बशीतला चहा तसाच धरून बघत बसायची. एकजण तर नेमानं ओरडायचा, "आली बघा झाशीची राणी!" मी नेमानं घंटी वाजवायची.

ते बाहत्तर साल होतं. पाऊस आलाच नाही. आषाढ कोरडा गेला, श्रावणही तसाच चालला होता. गिरणीवर लोक रेशनची लाल मिलो ज्वारी घेऊन यायचे आणि तिच्या नावानं बोटं मोडत दळून न्यायचे. पाऊस नव्हता, पण वारा होता. पश्चिमेकडून सुटायचा तो दिवस मावळेपर्यंत थांबायचा नाही. सकाळी शाळेत जाताना तो पाठीशी असायचा. केडगाव सोडलं की पायडल मारायचं कामच नाही, सायकल आपली आपण पळायची. संध्याकाळी परत येताना तोच वारा छाताडावर. उभं राहून पायडल मारलं तरी सायकल जागची हलते की नाही अशी शंका यायची. रस्ता तोच, सायकल तीच, पायही माझेच. जाताना मी प्रार्थनेच्या आधी पोचायची आणि येताना दिवेलागण व्हायची.

"इतका येळ कुटं हुतीस?" आई विचारायची.

"वाऱ्यात."

"वाऱ्यात म्हनं! तोंड बघा हिचं."

त्या श्रावणात नगरमध्ये शाळाशाळांची सामान्यज्ञानाची स्पर्धा होती. आधी ती फक्त मुलांच्या शाळांसाठी असे. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्यांनी संयोजकांकडे हेलपाटे घालून मुलींच्या शाळेला त्यात घ्यायला लावलं होतं. दोघींची जोडी पाठवायची होती. एक मी आणि दुसरी माझ्याच वर्गातली, झेंडीगेटला राहणारी मुलगी. तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. तिला इतिहास आणि राजधान्या तोंडपाठ, मला भूगोल आणि विज्ञान. स्पर्धेच्या दिवशी तिचे वडील दुकान बंद करून आले होते. मुलगी व्यासपीठावर बसणार म्हणून त्यांनी इस्त्रीची शेरवानी घातली होती आणि दुसऱ्या रांगेत अगदी ताठ बसले होते. आमच्या घरचं कुणी आलं नव्हतं. गिरणी सोडून कोण येणार?

एकेक शाळा गळत गेली. शेवटी आम्ही दोघी आणि मुलांच्या एका मोठ्या शाळेतली दोन मुलं असे उरलो, तेही बरोबरीत. फिरती ढाल मधल्या टेबलावर ठेवलेली होती. परीक्षक म्हणून शहरातले एक नावाजलेले वकील होते. त्यांनी शेवटचं कार्ड उचललं, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे बघून प्रश्न वाचला.

"लंडनहून न्यूयॉर्कला थेट विमानानं जायला अंदाजे किती वेळ लागतो? अंतर सुमारे साडेतीन हजार मैल, विमानाचा वेग ताशी पाचशे मैल."

शेजारी बसलेल्या माझ्या जोडीदारणीनं लगेच टेबलाखाली माझ्या मांडीवर बोटांनी सातचा आकडा काढला. भागाकार मलाही आला होता. पण तो माझ्या तोंडातून बाहेर पडेना. आदल्याच आठवड्यात वर्गात पश्चिमी वारे शिकवले होते. त्या भागात वर्षभर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात ते. आणि न्यूयॉर्क लंडनच्या पश्चिमेला. माझ्या डोळ्यांपुढे केडगावचा रस्ता आला.

मी उठून विचारलं, "जाताना की येताना?"

सभागृह हसलं. वकीलसाहेबही हसले.

"बाळ, प्रश्न नीट ऐक. अंतर सांगितलंय, वेग सांगितलाय. जाताना काय आणि येताना काय, अंतर बदलतं का?"

"अंतर नाही बदलत. वेळ बदलतो. जाताना वारा समोरून असणार, म्हणून सात तासांपेक्षा जास्त लागेल. येताना वारा मागून, म्हणून कमी."

"तू घड्याळाबद्दल बोलतेस. तिकडं घड्याळं मागं असतात."

"घड्याळाबद्दल नाही बोलत. खरोखरच जास्त वेळ लागेल."

"अगं, ते विमान आहे. सायकल नव्हे!"

ते सहज म्हणून गेले असतील. मी सायकलवरून येते हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण या खेपेला मुलांच्या शाळेतली पोरं बाकं बडवून हसली, त्यांना मात्र माहीत होतं. माझे कान तापले.

"विमान वाऱ्याच्या वर उडतं," वकीलसाहेबांनी लोकांकडे बघत समजावलं.

"मग ढग कुणाच्या जोरावर जातात?" मी विचारलं. "वरही वारा असतोच की."

आता कुणी हसलं नाही. वकीलसाहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी कार्ड टेबलावर आपटलं. "उत्तर सात तास. मुलींचं उत्तर चूक. खाली बस."

मी बसले नाही.

ठरवून केलं असं म्हणवत नाही. गुडघे वाकलेच नाहीत. पहिल्या रांगेतून मोठ्या बाई हातानं 'बस, बस' करत होत्या. शेजारीण माझा स्कर्ट ओढत होती. "बस ना गं, अब्बा बघतायत," ती पुटपुटली. उत्तर आपणच सांगून बसलेले वकीलसाहेब तोच प्रश्न मुलांना विचारून मोकळे झाले, मुलांनी सात म्हटलं, टाळ्या झाल्या. मुलं येऊन ढाल घेऊन गेली. आभार मानले गेले. मी उभीच. उत्तेजनार्थ म्हणून आम्हा दोघींना एकेक पेन द्यायला पाहुणे जवळ आले तेव्हा मी हात पाठीमागे घेतले. शेजारणीनं आपलं पेन घेतलं आणि रडत रडत वडिलांकडे गेली. जाताना मला म्हणाली, "सात म्हणायला तुझं काय जात होतं?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. त्या कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही.

"वकीलसाहेबांच्या घरी जायचं आणि माफी मागायची. मी बरोबर येते."

"कशाची माफी?"

"वडीलधाऱ्यांनी बस म्हटल्यावर उभं राहिल्याची."

"मी चुकीचं बोलले का, बाई?"

"माफी मागेपर्यंत वर्गात बसायचं नाही."

"उभी राहते," मी म्हटलं.

उद्धटपणे नाही म्हटलं, खरंच तसं वाटलं म्हणून म्हटलं. पण ते उद्धटच ऐकू आलं असणार. त्या दिवसापासून मी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीशेजारी उभी राहू लागले. आतला फळा तिथून अर्धाच दिसायचा. बीजगणिताची डावी बाजू मला दिसायची आणि उजवी मी मनानं करायची. येणाऱ्या-जाणाऱ्या लहान वर्गातल्या मुली माझ्याकडे टकामका बघायच्या. मी त्यांच्याकडे बघायची. शेवटी त्याच नजर खाली घालायच्या.

आण्णांना शाळेत बोलावणं गेलं. ते गिरणीतून तसेच आले, भुवयांवर पीठ, टोपीवर पीठ. मोठ्या बाईंनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. मी दाराशी उभी होते. आण्णांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पन बाई, पोरगी म्हनती ते खरं हाय का खोटं?"

"प्रश्न तो नाही," बाई म्हणाल्या.

"मंग कोनता हाय?"

बाई टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या. आण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. खोलीभर पीठ उडालं. "मी सांगतो तिला," एवढंच म्हणून ते उठले.

परतीच्या वाटेवर ते सायकल हातात धरून चालत होते आणि मी शेजारून. मग म्हणाले, "माग की माफी. तोंडचे दोन शब्द. मॅट्रिकचं वरीस हाय."

"मागणार नाही, आण्णा."

"न्हाई?"

"नाही."

त्यांनी सायकल पुढे ढकलली. रागावले होते की नव्हते हे मला कधी कळलं नाही. आई मात्र रागावली, आणि तिचा राग गुपचूप राहणारा नव्हता. "ह्या सायकलीनंच डोकं फिरलंय हिचं," म्हणत तिनं चाकातून साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आता बघू कशी जाती."

मी पायी गेले. पुणे रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बाया बसू लागल्या होत्या. दुष्काळी काम सुरू झालं होतं. त्यातली एक मला रोज विचारायची, "पोरी, सायकल मोडली का?" मी म्हणायची, "मोडली नाही, अडकलीय." पायी जाऊन दिवसभर व्हरांड्यात उभं राहायचं आणि पायी परत यायचं. पोटऱ्या भरून यायच्या. घरी आल्यावर मी त्या चोळत बसले तर आई बघेल, म्हणून मी चोळायचीही नाही.

झेंडीगेटची माझी जोडीदारीण माझ्याशी बोलणं सोडून बसली होती. पण एका दुपारी मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"खरं सांग. तुला नक्की माहीत होतं की नुसतं फेकलंस?"

"विचार करून बोलले. माहीत कुणाला असणार? मी काय विमानात बसलेय?"

"विमानात बसलेली बाई मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "दवाखान्यात अमेरिकेहून शिकून आलेल्या डॉक्टरीणबाई आहेत. माझ्या खालाला, मावशीला, त्यांनीच तपासलं. चल विचारू. तू चुकलेली निघालीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"आणि बरोबर निघाले तर?"

"तर तू चुकली नव्हतीस, हे अब्बांना मी सांगते."

शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. बायकांच्या रांगेत बसलो. आमची पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय होतंय?"

"होत काही नाही. एक विचारायचं होतं. तुम्ही लंडनवरून न्यूयॉर्कला गेलात ना, विमानानं?"

"गेले. का गं?"

"जाताना जास्त वेळ लागला की येताना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर रांग होती, पण त्यांनी खरोखर विचार केला.

"तास काही आठवत नाहीत. घड्याळ सारखं बदलावं लागत होतं. पण जाताना फार कंटाळा आला होता, संपता संपेना. आणि परत येताना मी झोपायच्या तयारीत होते तोवर उतरायची वेळ झाली. वैमानिकानं सांगितलंसुद्धा, की मागून जोराचा वारा आहे, आपण लवकर पोचतोय." त्यांनी आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिलं. "एवढं काय झालं?"

माझ्या जोडीदारणीनं आनंदानं माझ्या पाठीत असा गुद्दा मारला की मी टेबलावर आपटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न बोलावता मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. मला वाटलं होतं, बाई चकित होतील. त्या झाल्या नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी भूगोल घेऊन बी. ए. केलंय. तुझं बरोबर आहे हे मला तिथंच कळलं होतं."



"मग माफी कशाची मागायची, बाई?"

"तुला काय वाटतं, आपल्याला त्या व्यासपीठावर सहज बसू दिलं? दोन वर्षं मी संयोजकांच्या पायऱ्या झिजवल्या. मुलींना काय कळतं म्हणायचे. आता म्हणतात, मुली उद्धट असतात. पुढच्या वर्षी ते आपल्याला बोलावणार नाहीत. तुझ्या एका उत्तरापायी तुझ्या मागून येणाऱ्या मुलींची वाट बंद होईल. तू माफी मागितलीस तर कदाचित होणार नाही."

त्यांचं म्हणणं मला समजलं. खोटं नव्हतं ते. पण माझ्या आत काहीतरी उसळलं आणि मी थांबू शकले नाही.

"तुम्हाला माहीत होतं बाई, तर तुम्ही का नाही उठलात?"

टेबलावरचा रूळ त्यांनी उचलला, पुन्हा होता तिथं ठेवला. मग म्हणाल्या, "बाहेर जा."

मी बाहेर येऊन माझ्या खिडकीशी उभी राहिले. दिवसभर उभी होते. सगळं संपलं असं धरून चालले होते. आता नाव काढून टाकतील, आण्णांना पुन्हा बोलावतील, मॅट्रिकला बसू देणार नाहीत. भीती वाटत होती, नव्हती असं नाही. पण वकीलसाहेबांच्या दारात जाऊन मान खाली घालायची कल्पना मनात आली की भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत उभं राहायचं.

पुढच्या दिवशी पहिल्या तासाला वर्गावर मोठ्या बाई स्वतःच आल्या. दाराशी थांबून मला म्हणाल्या, "आत बस." बाकी एक शब्द नाही. मी माझ्या बाकावर गेले. त्यांनी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला आणि पश्चिमी वारे पहिल्यापासून शिकवायला घेतले. सबंध तासात माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी माफी मागितली नाही, त्यांनीही पुन्हा मागायला सांगितलं नाही.

सायकल सुटली ती मात्र वेगळ्याच कारणानं. शेजारची एक काकू दळण घेऊन आली होती, ती आईला म्हणाली, "बरं केलंत सायकल बंद केलीत. पोरीच्या जातीला असंच ठिकानावर आनावं लागतं." आईनं तिच्या डब्यातलं पीठ दाबून भरलं, झाकण लावलं, तिला दारापर्यंत पोचवलं. मग कमरेची किल्ली काढून माझ्या पुढ्यात टाकली. "जा घेऊन उद्याच्याला. आमची पोरगी ठिकानावर हाय का न्हाई ते आमी बघू."

मॅट्रिकला मी चांगल्या गुणांनी पास झाले. स्पर्धेचं बोलावणं पुढच्या वर्षी शाळेला खरंच आलं नाही. मोठ्या बाईंचा अंदाज बरोबर ठरला. पुढचं मात्र मी ऐकलं ते लहान वर्गातल्या एका मुलीकडून. बाईंनी शाळेच्या पटांगणात स्वतःच स्पर्धा भरवली आणि मुलांच्या शाळांना बोलावणं धाडलं. मोठी शाळा आली नाही, दोन लहान आल्या. नियम वाचून दाखवताना बाईंनी सांगितलं म्हणे, की उत्तर चूक ठरवलं तर का ते परीक्षकानं सांगायचं, आणि पटलं नाही तर मुलानं किंवा मुलीनं पुन्हा विचारायचं.

त्याआधी, मॅट्रिकचा निकाल लागल्यावर, शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आम्ही दोघी एकाच दिवशी गेलो होतो. मोठ्या बाईंनी सही करून माझा माझ्या हातात दिला. वर्तणुकीच्या रकान्यात 'समाधानकारक' असं लिहिलेलं होतं. मी तो वाचला, घडी घातली. त्या बघत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, आणि पाठीवर हात ठेवल्यासारखं केलं, पण ठेवला नाही.

बाहेर पायऱ्यांवर माझ्या जोडीदारणीनं आपला दाखला उघडून दाखवला. तिच्या रकान्यात 'उत्तम' होतं. मग तिनं माझा ओढून घेतला.

"समाधानकारक? वर्गातल्या सगळ्यांना उत्तम आणि तुला समाधानकारक?"

"असू दे गं. मला चालतं."

"मला नाही चालत," ती म्हणाली. मी तिचा हात धरायला गेले तोवर ती दोन्ही दाखले घेऊन परत आत शिरली होती. मी पायरीवर बसले. खोलीचं दार लोटलेलं होतं, तरी तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.